विरजण कशाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. एका प्रश्नाचे उत्तर मी आपल्याला देणे लागते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्या पुतणीने स्वित्झर्लंडहून आणलेले ग्रुयेर नावाचे चीज मी तिळगुळाबरोबर आपल्यापुढे ठेवले होते. डबा उघडताच वास सुटला आणि काहींचा पदर नाकाशी गेला. तीन-चारजणींनी धीर करून तुकडा तोंडात टाकला, मीही टाकला. तेवढ्यात एका काकूंनी विचारले, "पण बाई, याला विरजण कशाचे?" मला सांगता येईना. काकूंनी बशी हळूच बाजूला सारली.

मग मी सारे विचारून आणि वाचून घेतले. ग्रुयेर हे फ्रीबूर प्रांतातले डोंगरपायथ्याचे गाव. हिवाळ्यात तिकडे बर्फ पडते आणि चारा मिळत नाही. उन्हाळ्यात गाई डोंगरावर चरतात, तेव्हा दूध मुबलक असते. ते हिवाळ्यापर्यंत टिकवायचे कसे? आपण लोणी कढवून तूप केले, त्यांनी चीज केले. अडचण एकच, तोड निराळी.

दूध कच्चेच तांब्याच्या मोठ्या कढईत घालतात. ते घट्ट झाले की दही कापून बारीक कण करतात, ५७ अंशांपर्यंत तापवतात, साच्यात दाबतात आणि मिठाच्या पाण्यात ठेवतात. ४०० लिटर दुधातून सुमारे ३५ किलोचे एक चाक निघते. खरे काम त्यापुढचे. तळघरातल्या लाकडी फळ्यांवर ती चाके निदान पाच महिने ठेवायची, पुन्हा पुन्हा उलटायची, मिठाच्या पाण्याने पुसायची. लोणच्याच्या बरणीला आपण जपतो तसेच हे जपणे. कोवळे ग्रुयेर सौम्य, आक्रोड-बदामाच्या चवीचे असते. वर्षभर मुरले की खारट, करकरीत होते आणि दाताखाली बारीक कण लागतात. आपल्याला आला तो वास नासल्याचा नव्हता, मुरल्याचा होता.

आता काकूंचा प्रश्न. त्यात आपल्या दह्यासारखे विरजण असतेच. पण दूध घट्ट बसते ते दूधपित्या वासराच्या जठरातल्या रसाने. त्यासाठी वासरू मारलेले असते. २००१ साली या नावाला तिकडे कायद्याचे संरक्षण मिळाले. नावाने विकायचे तर जुनीच रीत पाळावी लागते, आणि हा रसही त्या रीतीतलाच. त्यांनी काही लपवलेले नाही. विचारले नाही ते मी.

ज्यांनी तो तुकडा खाल्ला, त्यांतल्या दोघींचा नेम मला ठाऊक आहे. त्यांची मी आज सर्वांसमोर क्षमा मागते. मी घरी जाऊन सांगितले असते तर त्यांनी समजून घेतले असते. पण बशी मी चारचौघींत पुढे केली, म्हणून चूकही चारचौघींत कबूल करावी असे वाटले.

चीज मात्र सर्व तसलेच नसते. सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रसानेही दूध बसते. आपल्याकडे शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या चीजच्या पाकिटावर हिरवे चिन्ह असते, ते पाहून घ्यावे. नातवंडांनी मागितले म्हणून घाबरून जाऊ नये आणि न पाहता देऊही नये.

परदेशातल्या लोकांना नावे ठेवण्यासाठी मी हे सांगितले नाही. त्यांचे कष्ट, त्यांची चिकाटी पाहून माझा त्यांच्याविषयी आदर वाढला. आणि दुधाचा प्रत्येक पदार्थ वासराच्या वाट्यातून येतो, हे आपणही विसरू नये. पान्हा सुटताच वासराला ओढून बांधणारे हात आपलेच असतात.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाच्या पापड-लोणच्यांच्या पुड्यांवर आत काय काय घातले आहे, याची चिठ्ठी असावी. कोणी काकूंसारखा प्रश्न विचारला, तर घेणाऱ्या बाईला माझ्यासारखे गप्प राहावे लागू नये.

काकू, उत्तराला उशीर झाला. एवढे बोलून मी आपली रजा घेते.