बाद झालेला गडी आणि मैदान

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांपूर्वी खानदेशातून सुरतेला आलेल्या कामगारांनी आपल्या मुलांसाठी मराठी शाळा काढली. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे तापी लाइनच्या गाडीने पोट भरण्यासाठी येथे आली. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, आणि शाळेत मराठी, अशा चार भाषांत त्यांची मुले वाढली. त्यांतील कित्येकजण आज या सभामंडपात बसलेले आहेत. या सोहळ्यात शाळेच्या निकालांविषयी आणि गुणवंतांविषयी पुष्कळ बोलले जाईल, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज शाळेच्या गुणवत्ता यादीत ज्यांचे नाव कधी लागत नाही, अशा मुलग्यांविषयी बोलायचे आहे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण, हे त्याचे सार. म्हणजे आठवीपर्यंत शासन, शाळा आणि कायदा मुलाचा हात धरून असतात. नववीच्या उंबरठ्यावर हा हात सुटतो. नेमके याच वयात मुलाला मिसरूड फुटते, आवाज बदलतो आणि घरातील माणसे त्याच्याकडे कमावता गडी म्हणून पाहू लागतात.

सुरतेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला काम शोधावे लागत नाही, कामच त्याला शोधत येते. लूमच्या खात्यात बॉबिन भरणे, साड्यांना टिकल्या चिकटवणे, कापड बाजारात पार्सले वाहणे, यांतले काहीतरी कोणत्याही दिवशी मिळते. त्याचे पैसे लगेच हातात येतात. पैशाबरोबर मोबाइल येतो, गुटखा येतो आणि नाक्यावर उभे राहणाऱ्या मोठ्या मुलांची सोबत येते. त्यांतील एखादा मोठा मुलगा एके दिवशी सांगतो, ‘ही पिशवी त्या गल्लीत देऊन ये.’ पिशवीत काय आहे हे लहान्याने विचारायचे नसते. बालकामगारविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली आणि चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक कामे निषिद्ध ठरली. पण मुलगा संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात कोठे असतो, हे कोणताही कायदा विचारत नाही. आई कामावर असते, वडील पाळीवर असतात किंवा पाळीहून येऊन झोपलेले असतात. मुलाच्या आयुष्यातील बऱ्यावाईट गोष्टी बहुतेक याच दोन तासांत ठरतात.

आपल्या शाळेचा कबड्डी संघ याच दोन तासांसाठी आहे.

हा खेळ आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात हुतूतू म्हणून खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले गेले. ते १९२३ साली छापून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाली ती येथून जवळच, बडोद्यात. म्हणजे मराठी मातीतला हा खेळ आधुनिक रूपात प्रथम बहरला तो गुजरातच्या भूमीवर. त्याला बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. चुन्याच्या रेषा आखल्या की झाले. ज्याच्या घरी दुसरा सदरा नाही, तोही येथे बरोबरीने उतरू शकतो.

परंतु मी या खेळाची निवड योग्य मानते ती आणखी एका कारणासाठी. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की त्याचा डाव संपला. कबड्डीत तसे नाही. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो. त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा गडी टिपला की तो जिवंत होऊन पुन्हा आत येतो. मात्र तो स्वतःच्या बळावर आत येऊ शकत नाही. त्याला परत आणण्यासाठी आतल्या कोणाला तरी चढाई करावी लागते किंवा पकड घालावी लागते. शाळेत नापास झालेला, घरून मार खाल्लेला, नाक्यावर बसू लागलेला मुलगा आणि रेषेबाहेर बसलेला हा गडी यांत मला फरक दिसत नाही. त्याला उपदेश पुष्कळ मिळतो. त्याच्यासाठी चढाई करणारे कोणी आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

खेळ मुलांना आपोआप सुधारतो, असे आपण सहज म्हणतो. मला ते पूर्णपणे पटत नाही. खेळाच्या मैदानावरच शिवीगाळ, मारामारी आणि पैजा शिकलेली मुलेही आपण पाहिली आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एका निबंधात असे दाखवले, की वाट चुकू लागलेल्या किशोरांचेच वेगळे गट करून त्यांच्यासाठी उपक्रम चालवले, तर काही वेळा ती मुले सुधारण्याऐवजी अधिक बिघडतात. कारण ती एकमेकांच्या वाईट सवयींना हसून दाद देतात. म्हणून आपल्या संघाला कोणी ‘वाया गेलेल्या पोरांचा संघ’ म्हणू नये, अशी माझी विनंती असते. वर्गात पहिला येणारा मुलगा येथे डावा कोपरा सांभाळतो आणि दोनदा नापास झालेला मुलगा चढाई करतो. पहिल्याला दुसऱ्याच्या पायांतील चपळाईचा हेवा वाटतो. दुसऱ्याला आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपला हेवा करीत आहे, हे कळते.

मग नेमके काय केल्याने हा संघ चालतो? आमच्याकडे त्यासाठी भव्य योजना नाही. तीनचार साधे नियम आहेत.

पहिला नियम असा, की जो मुलगा आला नाही, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी दोन सोबती जातात. शिक्षक नव्हे, सोबती. ते रागावायला जात नाहीत; ‘आज साखळी अपुरी पडली, उद्या ये,’ एवढेच सांगतात. आपण नसलो तर कोणाचे तरी अडते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळणे फार महत्त्वाचे असते. नाक्यावर त्याचे कोणाचे अडत नाही.

दुसरा नियम, शिक्षा म्हणून कोणालाही संघातून काढायचे नाही. ज्याच्या खिशात गुटख्याची पुडी सापडते, तो त्या दिवशी खेळत नाही. रेषेपाशी बसून गुणलेखन करतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मैदानात असतो.

तिसरा नियम, सरावानंतर मूठभर चणेगूळ आणि अर्धा तास अभ्यास. अर्ध्या तासाने कोणी पंडित होत नाही, पण दप्तर रोज उघडले जाते.

आणि या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे : ठरलेल्या वेळी येणारा मोठा माणूस. आपल्या संघाला असे दोघेजण लाभले आहेत. दोघेही याच शाळेचे माजी विद्यार्थी, दोघेही लूमवर बारा बारा तासांच्या पाळीत काम करणारे. त्यांच्या पाळ्या बदलत्या असतात. म्हणून ज्याची रात्रपाळी असेल, तो खात्यावर जाण्यापूर्वी सराव घेतो. पाळी बदलली की दुसरा येतो. त्यांना मानधन नाही. नावे घेऊ नका, असे त्यांनी मला बजावले आहे, म्हणून घेत नाही. पण एवढे सांगते, की मुले आम्हा शिक्षकांपेक्षा त्यांचे अधिक ऐकतात. कारण साहजिक आहे. बारा तास उभे राहून काम केल्यावरही माणूस शिवी न देता बोलू शकतो आणि हातात आलेला पगार घरी नेऊन देऊ शकतो, हे ती मुले त्यांच्या रूपाने डोळ्यांनी पाहतात.

देशात हा मार्ग अनेकांनी चोखाळला आहे. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल दिला आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. नागराज मंजुळे यांच्या २०२२ सालच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली. मुंबईत मॅथ्यू स्पेसी यांनी १९९९ साली सुरू केलेली ‘मॅजिक बस’ आज अनेक राज्यांत काम करते. तेथेही मुलांना खेळातून शिकवण्यासाठी वस्तीतल्याच तरुणांना तयार केले जाते. बाहेरून आलेला दाता चेंडू देऊन जातो. वस्तीतला दादा रोज संध्याकाळी भेटतो.

सगळेच गडी परत येतात, असे मी म्हणणार नाही. नववीतला एक मुलगा वडिलांच्या निधनानंतर बाजारात पार्सले वाहू लागला. शाळा सुटली, पण सोबत्यांनी संध्याकाळचा सराव सुटू दिला नाही. दोन वर्षांनी त्याने बाहेरून दहावीची परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. त्याच्याच बरोबरीचा दुसरा मुलगा मात्र आला नाही. सोबती त्याच्या घरी अनेक आठवडे जात राहिले. पुढे ते घरच बंद दिसू लागले. हजेरीच्या वहीत त्याचे नाव अजून आहे. ते खोडावे, असे संघातील कोणालाही वाटत नाही.

पालकांना माझी एक विनंती आहे. गुण कमी पडले की आपण प्रथम खेळ बंद करतो. कृपया तसे करू नका. ज्याला शाळेत धरून ठेवणारा एकच दोर उरला आहे, त्याचा तोच दोर आपण कापतो. आणि मुलगा कमवू लागला तरी त्याचे संध्याकाळचे दोन तास त्याच्याकडे राहू द्या. मुलींचा खो-खोचा संघही त्याच मैदानावर सकाळी सराव करतो. आपल्या लेकींनाही तेवढ्याच मोकळेपणाने पाठवा.

माजी विद्यार्थ्यांशी मला अधिक स्पष्टपणे बोलायचे आहे. हीरक महोत्सवाची आठवण म्हणून शाळेला सभागृह बांधून द्यावे, असा आपल्यापैकी अनेकांचा मनोदय आहे. या औदार्याबद्दल मी आपली ऋणी आहे. मात्र त्यासाठी मैदानाची जागा सुचवण्यात आली आहे आणि विश्वस्त मंडळ लवकरच त्यावर विचार करणार आहे. मी नम्रपणे, पण ठामपणे सांगते, की ती जागा देऊ नये. शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेसाठी जे निकष घालून दिले, त्यांत मैदानाचा समावेश आहे, हे एक कारण झाले. खरे कारण मी आतापर्यंत सांगत आले आहे. सभागृह वर्षातून दहा-बारा दिवस भरेल. मैदान रोज भरते. सभागृह हवेच असेल, तर जुन्या इमारतीवर मजला चढवता येईल का, हे आपल्यातील अभियंत्यांनी तपासून पाहावे. आणि ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी. आमचे दोन्ही प्रशिक्षक एकाच वेळी दिवसपाळीवर असले, की त्या आठवड्यात मैदानावर मोठे माणूस नसते. तेथे तिसऱ्या, चौथ्या माणसाची गरज आहे. कबड्डी येत नसली तरी चालेल. वेळेवर येणे पुरेसे आहे.

अध्यक्ष महोदय, सभा संपल्यावर मैदानावर आपल्या मुलांचा प्रदर्शनीय सामना आहे. सर्वांनी तो पाहावा आणि जाताना नाव नोंदवण्याची वही दाराशी ठेवली आहे, तीत आपले नाव व आपल्याला सोयीचा वार लिहावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.