गोलफलक पाहून घेतलेला कॉर्नर

आघाडीवरचा संघ नव्वदाव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला तरी बहुधा चेंडू गोलसमोर टाकत नाही. दोघंजण कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी चेंडू पायात अडवून उभे राहतात. प्रेक्षक हुर्यो उडवतात, पण घड्याळ पुढे सरकतं. पिछाडीवरच्या संघाचा मात्र गोलरक्षकही समोरच्या गोलपाशी धावतो. १९९९च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बायर्नविरुद्ध ०-१ असताना मँचेस्टर युनायटेडचा श्मायकेल असाच पुढे आला आणि त्या कॉर्नरवर शेरिंगहॅमने बरोबरी साधली. लगेच पुढचा कॉर्नर मिळाला, तेव्हा श्मायकेल आपल्या गोलपाशीच थांबला होता. त्यावर सोल्शायरने गोल केला. दोन कॉर्नरमध्ये फरक पडला तो फक्त गोलफलकाचा.

खरी पंचाईत बरोबरीत होते. २ जुलै २०१८, रशियातलं रोस्तोव, विश्वचषकाची बाद फेरी. जपान बेल्जियमविरुद्ध २-० पुढे होता. व्हर्टोंगन आणि फेलायनी यांच्या हेडरनी २-२ झालं. भरपाई वेळेत जपानच्या होंडाची फ्री किक बेल्जियमचा गोलरक्षक कोर्तुआने अडवली, जपानला कॉर्नर मिळाला. तो सावकाश, आखूड घेतला असता तर सामना जादा वेळेत गेला असता. होंडाने चेंडू थेट गोलसमोर उचलला, तो कोर्तुआच्या हातात! त्याने तो डी ब्रुइनकडे सरकवला. मधलं मैदान मोकळंच होतं. डी ब्रुइनकडून म्युनिए, त्याचा आडवा पास, लुकाकूने तो मुद्दाम सोडला, मागून आलेल्या शादलीने गोल केला. जपान स्पर्धेबाहेर.

गंमत अशी की चारच दिवसांपूर्वी हाच संघ पोलंडविरुद्ध ०-१ मागे असताना चेंडू आपल्याच अर्ध्यात फिरवत बसला होता. कारण दुसऱ्या मैदानावर कोलंबिया सेनेगलच्या पुढे होता आणि कमी पिवळ्या कार्डांवर जपान बाद फेरीत जाणार होता. तेव्हा नको इतका हिशेब, आणि रोस्तोवला तो साफ विसरले. जिंकायला जाण्यात चूक नव्हती. कोर्तुआला चेंडू टाकू न देण्यासाठी समोर एक माणूस उभा हवा होता, असं माझं मत.

उलट २०२२च्या विश्वचषकातल्या उपांत्यपूर्व सामन्यात नेदरलँड्स अर्जेंटिनाविरुद्ध १-२ मागे, भरपाई वेळही संपत आलेली. सगळे फटक्याची वाट पाहत असताना कूपमायनर्सने फ्री किक हळूच जमिनीलगत वेगहोर्स्टकडे सरकवली आणि २-२ झालं! शेवटी पेनल्टींवर अर्जेंटिनाच जिंकला, पण अशा वेळी इतकी शांत युक्ती सुचणं ही चैन नव्हे, धाडस आहे.

२०२५-२६पासून नियमही या हिशेबात उतरला आहे. गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक वेळ चेंडू हातात धरला, तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर. पूर्वी मर्यादा सहा सेकंदांची आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची होती. पंच ती क्वचितच देत. आता शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांवर मोजून दाखवतात.