रोखीच्या गिऱ्हाइकापुढे कर्जवाला

बंगळुरूच्या यशवंतपूर, मत्तीकेरे भागात जुनं घर घ्यायचं, नीट दुरुस्त करायचं आणि विकायचं, हा उद्योग करू पाहणाऱ्यांची एक तक्रार असते : आपण बँकेच्या फेऱ्या मारतो, तोवर रोखीवाला घर घेऊन जातो.

तक्रार खरी आहे. पण विकणाऱ्याला मुख्यतः हवी असते ती ठरलेली तारीख आणि व्यवहार मोडणार नाही याची खात्री. ती कर्जवालाही देऊ शकतो. घर शोधण्याआधीच आपल्या उत्पन्नावर बँकेचं मंजुरीपत्र घ्या. घर पसंत पडलं की इसार देण्याआधी ई-खाता म्हणजे पालिकेतली मालमत्तेची नोंद, ईसी म्हणजे बोजा प्रमाणपत्र आणि मागची खरेदीखतं वकिलाकडून तपासून घ्या. बँकेत दिवस जातात ते बहुधा या कागदांपायी. आणि घरावर विकणाऱ्याचं जुनं कर्ज असेल, तर मूळ कागद सुटेपर्यंत रोखीवाल्यालाही थांबावंच लागतं.

आता हिशेब. समजा घर 60 लाखांचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे 12 लाख तुमचे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कर्जात धरत नाहीत. कर्नाटकात नोंदणी शुल्क ऑगस्ट 2025 अखेर एक टक्क्यावरून दोन टक्के झालं, त्यामुळे उपकरांसह हा खर्च साडेचार लाखांच्या घरात जातो. दुरुस्तीला पाच लाख धरा. साडेएकवीस लाख हाताशी नसतील, तर बोली लावूच नका. घर विकेपर्यंतचे हप्ते वेगळेच.

'थोडे रोख द्या, कागदावर कमी दाखवू' असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नकार द्या. जून 2015 पासून घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय तुम्ही लगेच विकणार आहात. खरेदी कागदावर कमी दिसली की नफा फुगतो, आणि न मिळालेल्या नफ्यावर तुम्हीच कर भरता.

बी-खात्याच्या, म्हणजे पालिकेच्या नोंदीत अनियमित ठरलेल्या घरांवर मात्र बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. ती घरं रोखीवाल्यांना खुशाल घेऊ द्या.