दोरी हाडाला कशी धरते?



हमालांच्या संघटनेचे काम करणाऱ्या, सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाने शरीरशास्त्रावर बोलावे याचे आपणांस नवल वाटत असेल. आम्हालाही वाटते. परंतु या विषयाकडे आम्ही पुस्तकातून गेलो नाही, एका खांद्यावरून गेलो. आमच्या एका हमालाच्या उजव्या खांद्यातील दोरी तुटली. शस्त्रक्रिया होऊन ती हाडाला पुन्हा शिवली गेली. घरची चूल थांबत नाही, म्हणून तो दोन महिन्यांत पोत्याखाली गेला आणि वर्षाच्या आत दोरी त्याच जागी सुटली. मुकादम म्हणाला, पथ्य पाळले नसेल. डॉक्टर म्हणाले, असे होते. असे का होते, हे समजून घेण्यात आमची दोन वर्षे गेली.

या दोरीला शास्त्रात कंडरा म्हणतात. पायाचा रस्सा खाणाऱ्यांनी ती पांढरी चिवट दोरी दातांनी ओढून पाहिली असेलच. खांद्यात चार स्नायूंच्या कंडरा हाडाच्या गोळ्यावर टोपीसारख्या बसतात. कंडरा लवचीक, हाड ताठ. ताठपणात सुमारे शंभरपट फरक. फावड्याचा दांडा मोडतो तो लोखंडाच्या तोंडाशी, आणि सदरा फाटतो तो शिवणीपाशी. मग जन्मभर ओझे वाहूनही हा सांधा टिकतो कसा?

टिकतो, कारण तेथे मुळी शिवणच नाही! कंडरेचे तंतू हळूहळू कूर्चेत शिरतात, त्या कूर्चेत पुढे चुन्याचे क्षार मिसळू लागतात, आणि मग हाड लागते. दोरी, कूर्चा, क्षार मुरलेली कूर्चा, हाड, अशा चार पायऱ्या एका मिलिमीटरच्या आसपासच्या जागेत बसविलेल्या आहेत. मऊपणा कोठे संपला आणि कठीणपणा कोठे सुरू झाला, हे ताणाला कळतच नाही, म्हणून तो एका जागी साचत नाही.

शस्त्रक्रियेत डॉक्टर दोरी हाडावर घट्ट आणून बांधतात. त्यांचे काम चोख असते. पण शरीर त्या पायऱ्या पुन्हा बांधत नाही, मध्ये वणाचे मांस भरते. 2004 साली अमेरिकेत सेंट लुइस येथे मोठ्या फाटीचे अठरा रोगी दुर्बिणीने शिवल्यानंतर वर्षाने तपासले, तेव्हा सतरा जणांची दोरी पुन्हा सुटलेली आढळली. बहुतेकांचे दुखणे मात्र कमी झाले होते, हेही सांगितले पाहिजे. लहान फाटीचा निकाल इतका वाईट नसतो. पण आमचा हमाल त्या सतरांच्या जातीचा होता.

आता तंतूंकडे येऊ. आमचे वडील गिरणीत होते, त्यामुळे सुताची गोष्ट आली की आमचे कान टवकारतात. प्रयोगशाळेतील हे सूत चातीवर निघत नाही. विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचे द्रव्य पातळ करून सुईतून सोडतात आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्टचा दाब देतात. विजेच्या ओढीने केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक धागा निघतो. ही युक्ती जुनीच आहे, तिचे एक पेटंट 1902 सालचे आहे. धागा फिरत्या पिंपावर घेतला की तंतू एका दिशेने बसतात, कंडरेतल्यासारखे.

2009 साली सेंट लुइसच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात शिया, थोमोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तंतूंची चादर भांड्यात तिरकी उभी केली आणि क्षारांचा द्राव थोडाथोडा ओतत नेला. तळाचे टोक अधिक वेळ बुडाले, त्यावर क्षार दाट बसले. वरचे टोक मऊ राहिले. रंगारी लुगड्याचा पदर फिका होत जाणारा रंगवतो, तसेच हे! इमारतीला बांबूची परांची बांधावी तशी ही चादर सांध्यात ठेवायची, पेशींनी तिच्यावर चढून पायऱ्या रचायच्या, आणि काम झाले की परांची आपोआप विरून जायची.

कल्पना ऐकून आम्ही हरखलो होतो. पण 2015 साली उंदरांच्या खांद्यावरील अशा चादरींच्या प्रयोगाचा निकाल छापून आला, त्यात सर्वच गटांत वणाचेच मांस वरचढ ठरले. परांची उभी राहिली, गवंडी मात्र हवे तसे बांधीनात. संशोधक थांबलेले नाहीत, आणि त्यांनी थांबूही नये.

उंदरांवरचेच आणखी दोन प्रयोग आम्हाला अधिक जवळचे वाटतात. 2003 साली दिसले की, शिवलेला खांदा बांधून ठेवलेल्या उंदरांची जुळणी पळविलेल्या उंदरांपेक्षा चांगली झाली. 2009 साली स्नायू औषधाने लुळा करून ताण पुरता काढला, तेव्हा जुळणी उलट कमकुवत झाली. म्हणजे ओझेही नको आणि लोळून राहणेही नको. मोजकी, हलकी हालचाल हवी. उद्या परांची साधली तरी तिच्यावरचे बांधकाम सुकायला वेळ लागणारच. आणि तो वेळ, बंधूंनो, हमालाजवळ नाही. पन्नास किलोचे पोते तो उचलतो तेव्हाच त्याला मजुरी मिळते.

शस्त्रक्रियेनंतर सहा महिने पगारी हलके काम, हे कलम आम्ही नव्या कराराच्या मसुद्यात घातले आहे. पहिल्या बैठकीत आम्ही उंदरांचा दाखला दिला, तेव्हा समोरचे गृहस्थ हसले. दुसरी बैठक पुढच्या मंगळवारी आहे.