विद्यार्थी भीमराव : पदव्यांच्या ओळीमागचे घर



डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या तसबिरीखाली पुष्कळदा त्यांच्या पदव्यांची ओळ लिहिलेली असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. जयंतीच्या दिवशी व्यासपीठावरून ती ओळ एका दमात वाचली जाते आणि टाळ्या पडतात. त्यातील एकेका पदवीला किती वर्षे लागली, त्या वर्षांत घरची चूल कशी पेटली, कोणी कोणाचे दागिने गहाण ठेवले, हे त्या एका दमात मावत नाही. घटनाकार आणि लोकनेते बाबासाहेब आपल्या परिचयाचे आहेत. आजचा विषय आहे तो १९१३ ते १९२३ या दशकातील एका विद्यार्थ्याचा, त्याच्या कुटुंबाचा आणि त्याच्या ग्रंथप्रेमाचा.

या विद्याव्यासंगाचे मूळ परळच्या डबक चाळीतील एका खोलीत आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले, कबीरपंथी, करड्या शिस्तीचे गृहस्थ. ती एकच खोली स्वयंपाकघर, झोपण्याची जागा आणि अभ्यासिका होती. उशाशी जाते आणि पायथ्याशी बांधलेली बकरी, असे तिचे वर्णन चरित्रकार धनंजय कीर यांनी केले आहे. दोघांना एकाच वेळी पाठ टेकता येत नसे. मुलगा आधी निजे, वडील जागत. रात्री दोन वाजता वडील त्याला उठवीत आणि मग स्वतः निजत. रॉकेलच्या दिव्यावर पहाटेपर्यंत वाचन चाले. मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, तर हे वृद्ध सुभेदार विवाहित लेकीच्या दारी जात. तिच्याजवळही पैसे नसत. मग तिचा एखादा दागिना गहाण पडे आणि निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडविला जाई. पुस्तक मात्र त्याच दिवशी घरात येई.

त्या घरात रामायण-महाभारताचे वाचन नित्याचे होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तीत ही आठवण आहे. वडील मुलांकडून हे ग्रंथ आल्यागेल्यांसमोर वाचवून घेत. ज्या ग्रंथांत शूद्रांना हीन लेखले आहे ते आम्ही का वाचावेत, असा प्रश्न मुलाने केला. वडिलांचे उत्तर मोठे मार्मिक होते. आपण अस्पृश्य म्हणून आपल्या मनात न्यूनगंड निर्माण होणे साहजिक आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्याकडे पाहा, म्हणजे लहान स्थितीतून माणूस कुठवर चढतो ते कळेल, असा त्याचा आशय. उत्तरात तथ्य आहे हे मुलाला पटले, पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, श्रीकृष्ण या व्यक्तिरेखांनी आपल्या मनाची पकड घेतली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ही गोष्ट सांगताना तिचा उत्तरार्ध गाळण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा.

समाधान कशात मिळाले? १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींच्या आधीच नजरेत भरला होता. बक्षीस म्हणून दिलेली पुस्तके बहुधा कपाटात जातात. हे पुस्तक गेले नाही. १९५६ साली नागपूरला जो निर्णय प्रत्यक्षात आला, त्याच्या वाटेवरील पहिला दिवा म्हणून बाबासाहेबांनी स्वतःच या पुस्तकाचा निर्देश केला आहे.

याच विद्यार्थ्याला शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते दार बंद झाले आणि त्याला फारसी घ्यावी लागली. १९१२ साली इंग्रजी आणि फारसी हेच विषय घेऊन त्याने बी.ए.ची परीक्षा दिली. संस्कृत त्याने पुढे स्वतःच्या कष्टाने मिळविली. गीर्वाणवाणीचा अभिमान मिरविणाऱ्या समाजाने हा प्रसंग विसरता कामा नये.

विवाह १९०६ साली झाला होता. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी नऊ-दहा वर्षांची. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री त्या उघड्या जागेत लग्न लागले. वधू रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. वडील दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने त्या मुंबईत काकांच्या आश्रयाला आल्या होत्या. डिसेंबर १९१२ मध्ये पुत्र यशवंताचा जन्म झाला.

लगेच पुढच्या जानेवारीत भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा वडिलांचा श्वास जणू त्यांच्यासाठीच थांबला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. मुलाची एकही परदेशी पदवी त्यांनी पाहिली नाही.

त्याच वर्षी श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाशी जुळलेली मैत्री जन्मभर टिकली. साडेअकरा पौंडांत स्वतःचे भागवायचे आणि त्यातूनच घरीही पाठवायचे. त्यामुळे मौजमजा, नाटक, सहली या गोष्टी दूरच राहिल्या. एक चैन मात्र होती. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. भारतात पाठविण्यासाठी ते एका परिचिताच्या हाती सोपविले. त्यांतील थोडेच पोहोचले.

न्यूयॉर्कला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. त्यात मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाचाही आग्रह होता. बावीस वर्षांचा, नुकताच पितृहीन झालेला, परदेशात नवखा असा हा विद्यार्थी. आणि त्याला तिथून सुचते ते हे.

१९१५ साली प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधाला एम.ए. मिळाली. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पंचविशीतल्या त्या निबंधात भारतीय समाजाचे सांस्कृतिक ऐक्य त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे आणि अशा एकसंध समाजाचे जातीने तुकडे कसे पाडले हा खरा प्रश्न असल्याचे म्हटले आहे. पहिले विधान उचलायचे आणि दुसरे सोडायचे, हा सोयीचा व्यवहार आपल्याकडे बराच चालतो. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नावे नोंदविली. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. सामान वेगळ्या जहाजाने निघाले होते; ते जहाज पाणतीराने बुडाले. पुस्तके पुन्हा गेली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले आणि त्यांतूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला.

बडोद्यात काय घडले ते सर्वश्रुत आहे. कोलंबियाच्या या एम.ए.ला त्या शहरात राहावयास खोली मिळाली नाही. कार्यालयातील शिपाई हातात कागद न देता ते टेबलावर टाकीत. काही दिवसांतच मुंबईला परतावे लागले.

या सर्व काळात घर कोण चालवीत होते? परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्या. त्यात रमाबाई, यशवंत, आणि दिवंगत थोरले दीर आनंदराव यांच्या पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा मुकुंद. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. दोन खोल्यांतून चांगल्या वस्तीत जावे, चार भांडी घ्यावीत, अंगावर एखादा दागिना घालावा, असे घरच्या स्त्रीला वाटले असते तर त्यात गैर काही नव्हते. पण बिऱ्हाड हलले नाही. रमाबाईंच्या हाती ठरावीक रक्कम येई आणि तेवढ्यातच महिना काढावा लागे. उरलेले पैसे लंडनसाठी साठत होते. अर्धवट राहिलेला अभ्यास पतीच्या मनात सलतो आहे, हे अक्षरओळख बेताचीच असलेल्या त्या माउलीला कळत होते.

ती शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, या बळावर १९२० च्या जुलैमध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले. तेथील दिनक्रम कीरांनी लिहिला आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा. मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताच प्रवेश आणि ते बंद होईपर्यंत वाचन. दुपारचे जेवण नाही. रात्री पुन्हा वाचन आणि भूक असह्य झाली की पत्र्यावर भाजलेले चार पापड. सोबत राहणारे अस्नोडकर मध्यरात्री जागे होऊन झोपण्याचा आग्रह करीत. जेवणाला पैसा नाही आणि झोपेला वेळ नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळे. परळच्या खोलीतील पहाटेच्या दोनचा दिवा लंडनमध्येही विझला नव्हता, एवढेच. आता उठवायला वडील नव्हते.

१९२१ साली एम.एस्सी. झाली. १९२२ मध्ये बॅरिस्टरी पूर्ण झाली. जर्मनीत बॉन येथे शिकण्याचाही प्रयत्न झाला. ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘रुपयाचा प्रश्न’ हा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणावयास सांगितले. हाती पैसा उरला नव्हता. म्हणून ते एप्रिलमध्ये मुंबईस परतले आणि चाळीतच बसून त्यांनी प्रबंध नव्याने सिद्ध केला. निष्कर्ष बदलले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.ला मात्र १९२७ उजाडले, कारण प्रबंध छापून सादर करण्याचा नियम होता आणि छपाईला पैसा लागतो.

या पदव्यांची दुसरी किंमत घरात मोजली गेली. यशवंताखेरीज झालेली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चारही अपत्ये अल्पवयात गेली. त्यांपैकी शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. त्यानंतर बाबासाहेबांचे मन दीर्घकाळ कशात रमले नाही. दादरला ग्रंथांसाठी खास योजना करून बांधलेले ‘राजगृह’ उभे राहिले तेव्हा रमाबाईंची प्रकृती खालावलेली होती. २७ मे १९३५ रोजी त्याच वास्तूत त्यांचे निधन झाले.

ग्रंथावर ज्याचे इतके प्रेम, त्याने कृतज्ञता व्यक्त करावयाची तीही ग्रंथातूनच. ‘रुपयाचा प्रश्न’ डिसेंबर १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे आणि अर्पणपत्रिकेत मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा उल्लेख आहे. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला. तो सयाजीराव गायकवाडांना. रमाबाईंचा ग्रंथ निघावयास पुढे पंधरा वर्षे जावी लागली. १९४० च्या अखेरीस पाकिस्तानच्या मागणीची चिकित्सा करणारा ग्रंथ सिद्ध झाला. विषय फाळणीचा, सैन्याचा, लोकसंख्येच्या कोष्टकांचा. त्या काळी देशभर ज्यावर वाद पेटला होता तो. त्याच्या पहिल्याच पानावर ‘रामू’ हे घरातले नाव छापलेले आहे. ज्या दिवसांत आपल्याला कोणी मित्र नव्हता, पैसा नव्हता, त्या दिवसांत तिने शांतपणे सोबत सोसले, अशा आशयाच्या ओळी त्याखाली आहेत.