स्कॅन करा, वाटू नका

वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं आधी. स्वतःचं पुस्तक स्वतःसाठी स्कॅन करायला घाबरू नका. आपल्या सायली गावच्या पावसात कपाट उघडलं की कुबट वास येतो, पानं चिकटलेली असतात, पुठ्ठा सुटून हातात येतो. फोन काढा, पानं टिपून ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापराला आणि अभ्यासाला मोकळीक देतं. त्यासाठीची इलेक्ट्रॉनिक साठवणही २०१२च्या दुरुस्तीनं त्यात आली. किती पानं, हे तिथे लिहिलेलं नाही. वापर वाजवी हवा, एवढंच.

पण स्वतःसाठी! दह्याचंच बघा. डेअरीतलं दही आणलं, चमचाभर घेऊन घरी विरजण लावलं, कोणी हरकत घेत नाही. त्याच विरजणावर रोज पातेलं भरून अख्ख्या सोसायटीला फुकट दही वाटू लागलात, तर डेअरीवाल्यानं दुकान कशावर चालवायचं? शिवाय पुस्तकाचं विरजण आंबतही नाही. हजारावी पीडीएफ पहिलीइतकीच ताजी! शेजारणीला वाचायचंय? पुस्तकच द्या की वाचायला. आणि परत मागायला लाजू नका.

इथली मेडिकलची मुलं म्हणतील, दिल्ली हायकोर्टानं २०१६ साली झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं कौल दिला. दिला ना, पण तो विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी काढलेल्या प्रतींबद्दल. व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खा ग्रंथ सोडण्याबद्दल नव्हे, बाळांनो!

वाटायचीच हौस असेल तर साने गुरुजी वाटा. ते १९५० साली गेले. लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो, तेव्हा त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०११पासून सर्वांना मोकळी. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं मात्र... तो वेगळा विषय. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत हात आवरा.

सार्वजनिक वाचनालयांचं राहिलंच. आपल्याकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवायची मुभा त्यांनाही आहे. पण ती वाचकाला कशी दाखवायची, हा... बरं, समोरून वेळ संपल्याची खूण झाली. तरी पुन्हा सांगतो, कारण निम्मे जण आत्ता चहा ओतत असतील: स्कॅन करा, जपून ठेवा, फॉरवर्ड करू नका. आणि ज्यांनी कालच केलंय, त्यांनी आधी ग्रुपवरून ते काढा.