औषधाची चिठ्ठी

मी अर्थशास्त्र शिकवतो. वैद्यकातले मला फारसे कळत नाही, तेव्हा आज मी तुम्हांला पथ्यपाणी सांगणार नाही. बोलणार आहे ते एका कागदाच्या तुकड्याविषयी. सरकारी दवाखान्यातून निघताना पुष्कळदा आपल्या हातात एक चिठ्ठी पडते, आणि "ह्या गोळ्या बाहेरून घ्या" असे सांगण्यात येते. तीच ती चिठ्ठी.

आमच्या शेजारी एक आक्का राहतात. त्यांना रक्तदाबाचा विकार. महिन्याच्या महिन्याला एस.टी.ने तालुक्याच्या दवाखान्यात जायचे, हा त्यांचा नेम. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील केसपेपर, तपासण्या आणि उपचार विनाशुल्क झाले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आक्का, आता तुमचं सगळं फुकट झालं बघा!" त्या म्हणाल्या, "दवाखाना फुकाट झाला रं बाबा. चिठ्ठी कुठं फुकाट झाली?"

माझ्या एम.ए.ला जे सुचले नव्हते ते आक्कांनी एका वाक्यात सांगितले. दवाखान्यात गोळ्या कधी असत, कधी नसत. नसल्या की दुकान गाठायचे. ज्या महिन्यात मजुरी कमी, त्या महिन्यात आक्का गोळी एक दिवसाआड घेत. पुढे एके पहाटे त्यांना झटका आला. डावा हात लुळा पडला. जिल्ह्याच्या गावी त्यांना भरती केले. तेथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले आणि घरच्यांवर कर्जाची पाळी आली नाही. गोळ्या चुकल्या म्हणूनच झटका आला, असे मी म्हणणार नाही. ते डॉक्टरांनी सांगावे. पण हिशेब माझा विषय आहे, आणि हा हिशेब मला उलटा वाटतो. माणूस आडवा पडल्यावर सरकार हजारो रुपये भरते. तो उभा असताना लागणारी रोजची गोळी मात्र नशिबावर सोडलेली असते.

ह्या योजनांना मी नावे ठेवीत नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली, आणि तिने पुष्कळांची शेते वाचवली असतील. परंतु तिचा रोख दवाखान्यात भरती होण्यावर आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा ह्यांची औषधे घरी बसून, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ मध्ये शेकडा ३९ वर आला. उतरला हे चांगलेच. पण जे उरले आहे त्यात औषधांचा भाग मोठा आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले होते, हेही लक्षात घ्या.

आता कोणी म्हणेल, सरकारजवळ एवढा पैसा आहे कुठे? मला वाटते, पैशाइतकाच प्रश्न खरेदीच्या रीतीचा आहे. ह्यासाठी तमिळनाडूकडे पाहावे. त्या राज्याने १९९४ साली औषधखरेदीसाठी एक स्वतंत्र महामंडळ काढले. त्याने आवश्यक औषधांची यादी ठरवली. कंपनीच्या नावाने नव्हे, तर औषधाच्या मूळ नावाने, सगळ्या राज्यासाठी एकदम निविदा मागवल्या. घाऊक घेतली की दुकानात रुपयांना मिळणारी गोळी पैशांवर येते, हे बाजारहाट करणाऱ्या कोणालाही समजेल. आलेला माल आधी जिल्ह्याच्या गोदामात ठेवतात, त्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात, मग तो दवाखान्यांना देतात.

मला सर्वांत आवडली ती पासबुकाची युक्ती. प्रत्येक दवाखान्याला वर्षाची रक्कम ठरवून दिलेली. ती रुपयांत हातात मिळत नाही, औषधांच्या रूपाने गोदामातून उचलायची. जेवढे उचलले तेवढे पासबुकात मांडायचे, अगदी पोस्टाच्या खात्यासारखे! त्यामुळे वरून येईल ते मुकाट्याने घ्यायचे, असे राहिले नाही. सापाचे विष उतरवणारी लस जेथे जास्त लागते तेथील डॉक्टर ती जास्त मागवू शकतो. राजस्थानने हीच वाट धरून २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत औषधे मोफत द्यायला सुरुवात केली.

महाराष्ट्रानेही २०२३ साली कायदा करून औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. कायदा झाला म्हणजे गोळी गावात पोचली, असे नव्हे. मधल्या वाटेवर कोणीतरी पाहणारा हवा. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तीत लोकप्रतिनिधी असतात. ती शेवटची केव्हा भरली, कोणती औषधे किती दिवस नव्हती, हे ग्रामसभेत विचारायला हरकत कसली? आणि गुरुजी, येथे मला तुमची आठवण होते. गावात अर्ज लिहायचा, कागद वाचायचा, तर लोक आजही तुमच्याकडेच येतात. "बाहेरून घ्या" म्हटलेल्या चिठ्ठ्या महिनाभर एका वहीत उतरवून घेतल्या आणि ती वही समितीपुढे ठेवली, तर तोंडी तक्रारीपेक्षा तिचे वजन खचित जास्त पडेल. भांडण डॉक्टरांशी नाही. कपाट रिकामे असेल तर तो बिचारा चिठ्ठी लिहिणारच.

आक्का आता उजव्या हाताने भाजी निवडतात. गोळ्या आणायला त्यांचा सातवीतला नातू जवळच्या केंद्रात जातो. गेल्या खेपेस महिन्याच्या तीस मिळाल्या. पोराने विचारले, "पुढच्या महिन्यात असतील ना?" फार्मासिस्ट म्हणाले, "वरून आल्या तर देऊ." पोराने घरी येऊन तेवढेच माझ्या वहीत लिहिले आणि खाली तारीख घातली.